भविष्याचे नेपथ्य : प्रस्तावना

भूतकाळ रंगविणाऱ्या कलाकृतीकडे आपण पुरावा मागतो, वर्तमानकाळ रंगविणारीकडे खरेपणा मागतो, आणि भविष्यकाळ रंगविणारीकडे मात्र घटकाभराच्या करमणुकीपलीकडे काहीच न मागता तिला इतिहासाच्या दप्तरात दाखल करून घेण्याचेही नाकारतो. आपल्या समीक्षेची ही रीत मला फार दिवसांपासून अन्यायाची वाटत आली आहे. ऐतिहासिक मालिकेचा नेपथ्यकार जुनी चित्रे, वाडे, शस्त्रे आणि वस्त्रे पाहून काम करतो. कौटुंबिक मालिकेच्या नेपथ्यकाराला शेजारच्या घरात डोकावले तरी पुरते. परंतु तीनशे वर्षांनंतरच्या अंतराळयानाचा कक्ष ज्याला उभा करावयाचा आहे, त्याच्यापुढे नक्कल करण्यासाठी मूळ प्रतच नसते. तो जे काही मांडतो ते सर्वस्वी त्याच्या स्वतःच्या काळाच्या कोठारातून काढलेले असते, आणि म्हणूनच दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथांचे नेपथ्य, वेशभूषा आणि उपकरणे हा त्या त्या काळाचा एक अव्वल दर्जाचा दस्तऐवज आहे, असे प्रतिपादन करण्यासाठी मी हा ग्रंथ लिहिला आहे.

या दस्तऐवजात दोन प्रकारचा मजकूर असतो. पहिला नेपथ्यकाराने जाणूनबुजून लिहिलेला : हे यान, ही शस्त्रे, हे परग्रहावरील नगर. दुसरा त्याच्या हातून नकळत लिहिला गेलेला : ज्या वस्तू, ज्या सवयी, ज्या उतरंडी बदलतील अशी शंकासुद्धा त्याच्या मनाला शिवली नाही, त्या सर्व. पहिल्यातून त्या काळाच्या आकांक्षा कळतात. दुसऱ्यातून तो काळच कळतो. न्यायालयात पढविलेल्या साक्षीदारापेक्षा सहज बोलून गेलेल्या वाटसरूचे शब्द अधिक भरवशाचे ठरावेत, तसा या दुसऱ्या मजकुराचा अधिकार आहे, आणि पुढील प्रकरणांत मी त्याच्याकडेच अधिक लक्ष पुरविले आहे.

तेरेखोलसारख्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाला असल्या वाचनाची सवय आपोआप लागते. सतराव्या शतकात सावंतवाडीकर सावंत-भोसल्यांनी नदीच्या मुखावर बांधलेला येथील किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांच्या अमलाखाली गेला, त्याच्या तटाच्या आत संत अँथनीचे चर्च उभे राहिले, १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्याच्यावर तिरंगा चढविला, आणि गोवा मुक्त झाल्यानंतर त्याच इमारतीत पाहुण्यांसाठी हॉटेल निघाले. दगड तेच, परंतु प्रत्येक अमलाला कशाचे भय होते, कशावर श्रद्धा होती आणि कशातून प्राप्ती होती, याचा जबाब त्या दगडांनी वेगवेगळा दिला. केरीहून फेरीबोटीने येणारा प्रवासी धक्क्यावर उतरून वर पाहतो तेव्हा त्याला एक इमारत दिसते. इथला रहिवासी तिच्यात चार कालखंड पाहतो. लाकडाच्या आणि पुठ्ठ्याच्या अंतराळयानांकडेही तसेच पाहता येते.

आता वाचक विचारील की विज्ञानकथा तर मराठीत छापील पानावर विपुल आहे, मग दूरचित्रवाणीच कशाला? १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवून जयंत नारळीकरांनी पारितोषिक मिळविले, आणि तेथून पुढे या वाङ्मयप्रकाराला मराठीत जी प्रतिष्ठा लाभली ती सर्वश्रुत आहे. परंतु कथाकाराला एक सवलत असते, जी नेपथ्यकाराला नाही. ‘तो नियंत्रण-कक्षात शिरला आणि खुर्चीवर बसला’ एवढे लिहिले की कथाकाराचे काम झाले. ती खुर्ची कशी होती हे वाचकाने आपल्या मगदुराप्रमाणे ठरवावे. नेपथ्यकाराला ती खुर्ची द्यावीच लागते. तिला पाय किती, हात आहेत की नाहीत, ती लाकडी की प्लॅस्टिकची, कप्तानाची खुर्ची इतरांच्या खुर्च्यांहून उंच की समान, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर चित्रीकरणाच्या दिवसापूर्वी सुताराला सांगावे लागते; आणि घाईघाईने दिलेल्या त्या उत्तरांत तो काळ पकडला जातो.

आमच्या पेडणे महालातील आणि पलीकडच्या वेंगुर्ले-सावंतवाडी भागातील जत्रांतून रात्रभर रंगणारा दशावतारी काला ज्यांनी पाहिला आहे त्यांना या अडचणीचे स्वरूप चटकन उमगेल. तेथे रंगमंचावर एक बाकडे असते. राजा त्यावर बसला की ते सिंहासन, देव त्यावर उभा राहिला की तो पर्वत, योद्ध्याने त्यावर पाय ठेवला की तो रथ. पेटाऱ्यातून निघालेला मुकुट आणि गणपतीचा मुखवटा सोडला तर बाकीची सर्व सृष्टी हार्मोनियम, मृदंग, झांज आणि नटाची वाणी मिळून उभी करतात, आणि प्रेक्षक आपल्या पदरची भर घालून ती पूर्ण करतो. म्हणून दशावताराचे बाकडे सहसा कालबाह्य होत नाही. दूरचित्रवाणीचा कॅमेरा असा करार करीत नाही. तो वस्तूच्या जवळ जातो, तिच्या कडा दाखवितो, तिचा रंग उडालेला दाखवितो, आणि ज्या क्षणी वस्तू नेमकी होते त्या क्षणी तिच्यावर सालाचा शिक्का बसतो.

हा शिक्का किती ठळक असतो, ते दोन परदेशी उदाहरणांवरून स्पष्ट होईल. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ब्रिटनमध्ये ‘डॉक्टर हू’ ही मालिका सुरू झाली. तिच्यातील कालयानाचे बाह्यरूप लंडनच्या रस्त्यांवर त्या वेळी जागोजाग दिसणाऱ्या निळ्या पोलीस-चौकीवजा पेटीचे होते. कोणाचे लक्ष जाऊ नये म्हणून ते घेतलेले, इतकी ती पेटी सामान्य होती. पुढे रस्त्यावरून त्या पेट्या जवळजवळ नाहीशा झाल्या आणि यान मात्र राहिले, त्यामुळे जी वस्तू लपण्यासाठी निवडली होती तीच सर्वांत डोळ्यांत भरणारी ठरली. मालिकेत रेमंड कुसिकने रेखाटलेले ‘डालेक’ नावाचे यंत्ररूप शत्रू त्याच वर्षाच्या डिसेंबरात आले. महायुद्ध संपून अठराच वर्षे झाली होती, आणि आपल्याहून भिन्न असलेल्या प्रत्येक जीवाचा निःपात करू पाहणाऱ्या त्या यंत्रांत नाझी अमलाची स्मृती ब्रिटिश प्रेक्षकाला अनोळखी नव्हती. यानाचे नियंत्रण-मेज पडद्यावर पांढरेशुभ्र दिसे. प्रत्यक्षात ते फिकट हिरव्या रंगाने रंगविले होते, कारण कृष्णधवल कॅमेऱ्याला खरा पांढरा रंग सहन होत नसे.

तीन वर्षांनी, ८ सप्टेंबर १९६६ रोजी, अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ आली ती रंगांची उधळण घेऊन. कारण जी वाहिनी ती दाखवीत होती तिची मालकी रंगीत दूरचित्रवाणी-संच विकणाऱ्या कंपनीकडे होती, आणि तांबडे, निळे, सोनेरी सदरे घातलेले यानसेवक ही त्या संचांची उत्तम जाहिरात होती. कप्तानाचा सोनेरी भासणारा सदरा मुळात हिरवट कापडाचा होता हे कळले म्हणजे दिव्यांचा आणि फिल्मचा काळसुद्धा वेशभूषेत कसा मिसळतो ते ध्यानी येते. यानात एक कृष्णवर्णी स्त्री अधिकारी आहे, एक जपानी वंशाचा सुकाणूधारी आहे, दुसऱ्या वर्षापासून एक रशियनही आहे. ही त्या काळाची उदात्त आणि धाडसी आकांक्षा होती, आणि तिचे मोल कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु त्याच कृष्णवर्णी अधिकाऱ्याच्या कानात टेलिफोन-एक्स्चेंजवरील ऑपरेटराची आठवण व्हावी असे यंत्र आहे, तिचा झगा आखूड आहे, आणि कप्तानाच्या खुर्चीजवळ एक तरुणी वरचेवर पाटीवजा फळी घेऊन येते व कप्तान तिच्यावर सही करतो. तेविसाव्या शतकात तारे ओलांडून जाता येईल, हे १९६६ सालाला सुचले; साहेबाच्या सहीसाठी कागद घेऊन उभी राहणारी सेक्रेटरी नसेल, हे सुचले नाही. मी ज्याला नकळत लिहिलेला मजकूर म्हणतो तो हाच.

ब्रिटनमध्ये १९७५ साली आलेल्या ‘स्पेस : १९९९’ या मालिकेत तर वायदा अवघ्या चोवीस वर्षांचा होता. चंद्रावरील अल्फा तळाच्या रहिवाशांना रुडी गर्नरायख या ख्यातनाम वेशकाराने स्त्रीपुरुषांसाठी एकसारखा पोशाख दिला. त्याचा रंग वाळूसारखा, आणि पाटलोणीच्या पायांचा घेर १९७५ सालच्या फॅशनचाच. तळावरील महासंगणक मनुष्यवाणीने बोलू शके, आणि तरीही उत्तर पुष्कळदा कागदाच्या चिठोऱ्यावर छापून बाहेर टाकी. प्रत्यक्ष १९९९ साल उगवले तेव्हा चंद्रावर तळ नव्हता, घोळदार पाटलोणीही कधीच गेली होती. कागद मात्र कचेऱ्यांतून हटला नव्हता, आणि या एका बाबतीत मालिकेने अजाणता केलेले भाकीत खरे ठरले.

आता आपल्या मुलखाकडे वळू. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, दूरदर्शनला रंग आला. १९८३ साली इन्सॅट-१बी हा उपग्रह अवकाशात गेला आणि पुढील काही वर्षांत ठिकठिकाणी उभारलेल्या लहान प्रक्षेपकांमुळे दूरचित्रवाणी शहरांबाहेर पोहोचली. येथे एक अपूर्व योग घडून आला. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ दाखविली, म्हणजे अमेरिकेने १९६६ साली कल्पिलेले भविष्य भारतीय घरांत सुमारे वीस वर्षांच्या विलंबाने दाखल झाले. कप्तान खिशातून झाकणाचे यंत्र काढून ग्रहाच्या पृष्ठभागावरून यानाशी बोले, आणि ते पाहणाऱ्या कुटुंबाने दूरध्वनीसाठी दिलेला अर्ज वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत पडून असे. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल लावून ताटकळावे लागे. एकाच नेपथ्याला दोन काळ असतात, एक ते घडले तो आणि दुसरा ते पाहिले गेले तो, हे सूत्र मला या योगातून सापडले, आणि भारतीय विज्ञानमालिकांचा विचार त्याच्याखेरीज करता येणार नाही अशी माझी धारणा आहे.

कारण त्या दशकाच्या अखेरीस आपले स्वतःचे अंतराळवीर दूरदर्शनवर अवतरले ते याच उसन्या भविष्याचे संस्कार घेऊन. ‘स्पेस सिटी सिग्मा’ या हिंदी मालिकेतील कप्तान तारा आणि त्याचा वैरी जखाकू हे त्या वेळच्या मुलांच्या पिढीला आजही आठवतात. नियंत्रण-कक्ष, लुकलुकणारे दिवे, हुकूम सोडणारा कप्तान, ही सर्व मांडणी परदेशी मालिकांवरून ओळखीची झालेली होती. मात्र ती आपल्या स्टुडिओत उभी करणारे हात आपले होते : ज्या सुतारांनी आदल्या आठवड्यात नाटकाचा दिवाणखाना ठोकला असेल त्यांच्या धर्तीच्या कारागिरांनी प्लायवूडचे फ्लॅट, थर्माकोल आणि चमकणारा कागद यांतून आकाश निर्माण करावयाचे, आणि चित्रीकरण संपताच ते मोडून दुसऱ्या कामाला लावावयाचे. ज्या देशाने हा मर्यादित सरंजाम घेऊन अंतराळनगर रचण्याची हिंमत केली त्याची आकांक्षा त्या थर्माकोलातूनही स्पष्ट दिसते.

‘इंद्रधनुष’ ही १९८९ सालची मुलांची मालिका या दृष्टीने मला सर्वाधिक अर्थपूर्ण वाटते. आनंद महेंद्रू यांच्या या मालिकेत एक शाळकरी मुलगा सुटे भाग जुळवून घरच्या घरी संगणक तयार करतो, आणि देवयानी दीर्घिकेतून आलेली परग्रहावरची शक्ती त्या संगणकात शिरते. येथे अंतराळयानाच्या कक्षाची गरज उरत नाही. मध्यमवर्गीय घरातील मेजावर ठेवलेली पेटी हेच भविष्याचे प्रवेशद्वार. १९८४ साली भारत सरकारने शाळांतून संगणक-साक्षरतेची ‘क्लास’ ही योजना काढून बीबीसी मायक्रो नावाचे संगणक पुरविण्यास प्रारंभ केला होता. ज्या खोलीत तो संगणक ठेवला जाई तिच्याबाहेर पादत्राणे काढून आत जाण्याचा दंडक पुष्कळ ठिकाणी पाळला जात असे. संगणकाला देवघराचा मान मिळण्याचा तो काळ, आणि ‘इंद्रधनुष’मधील पेटीला जो चमत्काराचा दर्जा आहे तो त्याच काळाचा. या मालिकेतील मुले कालप्रवासाने मागे जातात तीही स्वातंत्र्यलढ्याच्या दिवसांत. नवे यंत्र हाती आल्यावर १९८९ सालच्या भारताला सर्वप्रथम आपल्या वाडवडिलांना भेटावेसे वाटले. भविष्याची सनद त्यांच्याकडून मागून घ्यावीशी वाटली. मालिकेच्या कर्त्यांनी हे कदाचित गोष्टीच्या ओघात केले असेल, परंतु त्या पिढीच्या मनाचा इतका स्वच्छ जबाब मला अन्यत्र आढळलेला नाही.

उसने भविष्य हे त्या काळाचे अटळ प्राक्तन होते, असे मात्र कोणी समजू नये. त्याच वर्षांत पुण्यात विश्वाच्या अभ्यासाला घर देण्याचे काम एका गोमंतकीय वंशाच्या वास्तुकाराकडे आले होते. १९८८ साली नारळीकरांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या ‘आयुका’ या संस्थेची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी रचिली. त्यांनी अवकाश दाखविण्यासाठी चंदेरी पत्रा घेतला नाही. भिंतीसाठी दख्खनचा काळा बेसाल्ट, त्यावर त्याहून काळा कडाप्पा, आणि त्याहीवर आकाश प्रतिबिंबित करणारा घोटीव काळा ग्रॅनाइट, असे काळ्यावर काळे थर देऊन त्यांनी अंतराळाची खोली दगडात उतरविली, आणि मध्यभागी आपल्या मंदिरांपुढील कुंडाची आठवण देणारे पायऱ्यांचे अंगण ठेवले. त्यांनीच रचिलेल्या पणजीच्या कला अकादमीत वावरलेल्या गोमंतकीयाला या वास्तूचे कुळ ओळखता येईल. चित्रीकरणाच्या घाईत बांधलेला कक्ष आणि टिकण्यासाठी बांधलेली संस्था यांची सरसकट तुलना न्याय्य नव्हे, हे मी जाणतो. तथापि आपल्या मातीतील द्रव्यांतून विश्वाची कल्पना साकारता येते हे त्याच काळात सिद्ध झाले होते, आणि डिचोली महालातील खाणींचे लाल कडे असोत, की कातळांनी भरलेला कोकणचा सडा असो, परग्रहाची भूमी म्हणून आपल्या नेपथ्यकारांनी त्यांच्याकडे पाहिले नाही, हाही साक्षीचाच भाग आहे. ज्या काळाला भविष्य नेहमी दुसरीकडूनच येते असे वाटत होते, त्याला ते अंगणात दिसावे कसे?

१९९८ साली केतन मेहता यांची ‘कॅप्टन व्योम’ आली तोपर्यंत हे चित्र बदलले होते. १९९१ सालच्या आर्थिक धोरणाने बाजार खुला झाला होता, उपग्रहवाहिन्यांनी दूरदर्शनची मक्तेदारी संपविली होती, आणि संगणकावर दृश्ये रचण्याची कला मुंबईत रुजू लागली होती. सुताराच्या पटाशीची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली. नायकाच्या भूमिकेसाठी जाहिरातींतून आणि फॅशनच्या मंचावरून घरोघर पोहोचलेला मिलिंद सोमण निवडला गेला, आणि अंतराळवीराचा देह हाच नेपथ्याचा प्रधान भाग झाला. पळालेल्या बारा गुन्हेगारांना पकडण्याची ही कथा विश्वसरकारच्या काळात घडते. परंतु तिच्यातील घाट, चकाकी आणि देहबोली नव्वदीच्या दशकातील नव्या भारताची आहे. ‘इंद्रधनुष’च्या मुलाला पूर्वजांची अनुज्ञा हवी होती, व्योमला ती नको होती. नऊ वर्षांचे हे अंतर कोणत्याही अहवालात इतके स्पष्ट दिसणार नाही.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो विचारार्ह आहे : या सर्वाचे कारण केवळ पैशाची टंचाई आहे, मग त्यातून युगाची लक्षणे काय शोधता? टंचाईचा प्रभाव मला पूर्ण मान्य आहे. प्रत्येक भागात यान ग्रहावर उतरविण्याचा खर्च परवडेना म्हणून ‘स्टार ट्रेक’च्या कर्त्यांनी माणसाला क्षणात विरघळवून दुसरीकडे प्रकट करणारे यंत्र कल्पिले. १९८७ साली त्या मालिकेची पुढची पिढी पडद्यावर आली तेव्हा खरी बटणे आणि खटके बसविण्यापेक्षा स्वस्त पडावीत म्हणून मायकेल ओकुडा यांनी मागून उजेड सोडलेल्या सपाट छापील काचा योजिल्या. आज प्रत्येकाच्या हातातील फोन तसाच सपाट आहे. तेव्हा काटकसर हीसुद्धा साक्षच होय. कोणता काळ कल्पनेसाठी किती रक्कम मंजूर करतो, आणि मंजूर रकमेत काय भागवितो, हा त्या काळाच्या मूल्यांचा ताळेबंद असतो. शिवाय पैसा मुबलक असतानाही काळ सुटत नाही. २००३ साली नव्याने निघालेल्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या मालिकेत तंत्राची वाण नव्हती. तरीही तिच्या युद्धनौकेवर तारेचे टेलिफोन आहेत आणि संगणक एकमेकांना जोडण्यास सक्त मनाई आहे, कारण शत्रू त्या जोडणीतूनच आत शिरतो. सारे जग जाळ्याने जोडले जात असताना, आणि अमेरिकेवरील २००१ सालच्या हल्ल्याची जखम ताजी असताना, भविष्याने जुन्या उपकरणांचा आश्रय घेतला. आकांक्षेने घडविलेले भविष्य चकचकीत होते. भयाने घडविलेले भविष्य मुद्दाम जुनाट झाले.

प्रस्तुत ग्रंथाची योजना या विवेचनाला धरून आहे. आरंभीच्या प्रकरणांत खुर्ची, दार, पोशाख आणि पडदा या चार वस्तूंचा दशकवार मागोवा घेतला आहे. मधल्या प्रकरणांत दूरदर्शनवरील मालिकांचा विचार त्यांच्या निर्मितीच्या परिस्थितीसह केला आहे. आणि अखेरच्या भागात दशावतारापासून आयुकापर्यंत आपल्या परंपरेत विश्वाची दृश्य कल्पना कशी झाली याचा शोध घेतला आहे. कथानकांची समीक्षा मी जाणीवपूर्वक टाळली आहे. ती करणारे समर्थ लेखक आहेत. पार्श्वभूमीकडे पाहणारे थोडे.

या अभ्यासात निकडीची एक बाब आहे, ती सांगितल्याखेरीज ही प्रस्तावना पुरी होणार नाही. ‘डॉक्टर हू’चे साठच्या दशकातील नव्वदहून अधिक भाग त्या वेळच्या फिती पुसल्यामुळे वा नष्ट केल्यामुळे आजही बेपत्ता आहेत, आणि त्यांतील नेपथ्याचा अंदाज छायाचित्रांवरून करावा लागतो. संपन्न देशात, जगन्मान्य मालिकेच्या बाबतीत हे घडले. मग आपल्याकडील मालिकांची रेखाटने, नमुने, पोशाख आणि हिशेबाच्या वह्या यांची काळजी किती तातडीने घ्यावयास हवी ते वेगळे सांगावयास नको. ज्यांनी ही अंतराळनगरे ठोकली, रंगविली, शिवली, त्या सुतार, रंगारी आणि शिंपी मंडळींची नावे श्रेयनामावलीत अभावानेच येतात. त्यांच्यापैकी कित्येक आज वृद्ध आहेत. त्यांना कोणता नमुना दाखविला गेला, कोणती वस्तू बाजारात न मिळाल्याने काय वापरले, कोणता रंग कॅमेऱ्याने नाकारला, हे त्यांच्या तोंडून टिपून ठेवणे हे आपल्या विद्यापीठांचे, ग्रंथालयांचे आणि प्रत्येक जिज्ञासू वाचकाचे कर्तव्य आहे. घरातील जुन्या ट्रंकेत एखादे रेखाटन अथवा छायाचित्र असेल तर ते रद्दीत जाऊ देऊ नये.

आपण आज जी भविष्ये रंगवीत आहोत त्यांतही असा नकळत लिहिलेला मजकूर आहे, आणि तो आपल्याला वाचता येत नाही. तो वाचण्याचा अधिकार पुढच्या पिढीचा आहे. त्या पिढीला तो वाचता यावा एवढ्यासाठी तरी मागच्या पिढ्यांनी रंगविलेली भविष्ये आपण नीट वाचून, नीट जपून तिच्या स्वाधीन केली पाहिजेत. या कामास प्रस्तुत ग्रंथाने आरंभ व्हावा आणि माझ्याहून अधिक जाणत्यांनी ते पुढे न्यावे, अशी माझी मनःपूर्वक इच्छा आहे.

तेरेखोल, पेडणे महाल, गोवा